वाचक विचारतात : दोन एक्स-रेंची वजाबाकी आणि हाडाचे भरून येणे

प्रश्न : माझ्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल होऊन सहा महिने झाले आणि दुखणे पूर्ण थांबले आहे. तपासणीच्या वेळी काढलेल्या एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी असलेली काळी सावली मला पूर्वीइतकीच दिसली. डॉक्टरांनी मात्र जुना आणि नवा एक्स-रे संगणकावर एकमेकांतून वजा करून दाखवला आणि हाड भरू लागले आहे, असे सांगितले. डोळ्यांना न दिसणारे संगणकाला कसे दिसते, आणि त्यावर विसंबावे का?

उत्तर : आपल्या पाहण्यात काही चूक झालेली नाही. एक्स-रे म्हणजे दाढेचे मूळ, त्याभोवतीचे जाळीदार हाड आणि जबड्याच्या बाहेरच्या व आतल्या बाजूचे घट्ट हाड या सगळ्यांची एकावर एक पडलेली सावली असते, आणि त्या गर्दीत मुळाच्या टोकापाशी झालेला थोडासा बदल सहज लपून जातो. बेंडर आणि सेल्ट्झर या संशोधकांनी १९६१ साली शवांच्या जबड्यांवर केलेले प्रयोग या बाबतीत आजही महत्त्वाचे मानले जातात. केवळ जाळीदार हाडात केलेली पोकळी एक्स-रेवर दिसत नाही, ती घट्ट हाडाच्या पापुद्र्यापर्यंत पोहोचली की दिसू लागते, असे त्यांना आढळले होते. जे हाड झिजताना होते तेच ते भरताना होते : नव्या हाडात सुरुवातीला साठणारी खनिजे इतकी थोडी असतात की नुसत्या नजरेला दोन्ही चित्रे सारखीच भासतात.

वजाबाकीत या गर्दीतले न बदललेले सारे एकमेकांना खोडून टाकते. डिजिटल एक्स-रेच्या प्रत्येक बिंदूला साधारणपणे शून्य ते २५५ यांमधला एक आकडा असतो. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. समजा, सावलीतल्या एका बिंदूचा आकडा पूर्वी ११० होता आणि आता १२२ आहे. फरक १२ चा. त्यात मधला आकडा १२८ मिळवून तो १४० म्हणून दाखवला जातो. त्यामुळे जिथे काहीच बदललेले नाही तो भाग एकसारखा करडा दिसतो, जिथे हाड वाढले तो किंचित उजळ आणि जिथे घटले तो गडद. काही सॉफ्टवेअर याच फरकाला हिरवा आणि लाल रंग देतात. ही कल्पना मुळात दातांसाठी निघाली नव्हती. हॉलंडचे डॉक्टर झीडसेस देस प्लांटेस यांनी ती १९३०च्या दशकात साध्या फिल्मवर रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून वापरली आणि दंतवैद्यकात ती संगणकासोबत १९८०च्या दशकात रुजली.

विसंबावे, पण दोन गोष्टी विचारून. पहिली अशी, की दोन्ही एक्स-रे एकाच कोनातून, होल्डर (चित्र टिपणारा सेन्सर तोंडात पक्का धरणारे साधन) वापरून काढले होते का? दुसरी, जिथे बदल व्हायलाच नको, उदाहरणार्थ सावलीपासून दूरच्या निरोगी हाडात, तिथे वजाबाकीचे चित्र खरोखर करडे राहिले आहे का? तिथेही आकडे दहा-बाराने खालीवर होत असतील, तर सावलीतल्या १२ च्या फरकाला काहीच किंमत उरत नाही, मग तो कितीही सुंदर हिरव्या रंगात दाखवलेला असो. शिवाय सहा महिने हा काळ लहान आहे. युरोपीय एंडोडॉन्टिक सोसायटी या रूट कॅनाल उपचारांशी संबंधित संस्थेच्या २००६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदान एका वर्षानंतर तपासणी करावी, आणि सावली पूर्ण गेली नसेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे. आज मिळालेले उत्तर दिशा सांगते. दाढ बरी झाली हा निर्णय अजून व्हायचा आहे, म्हणून पुढची तपासणी कृपया चुकवू नये.

प्रश्न : मी नुकताच दंतवैद्यकाचा व्यवसाय सुरू केला आहे. माझ्याकडील सॉफ्टवेअर तीन-चार खुणांच्या आधारे दोन एक्स-रे आपोआप जुळवून देते. मग दरवेळी होल्डर आणि तो पुन्हा त्याच जागी बसावा म्हणून त्यावर घेतलेला चाव्याचा ठसा यांची यातायात खरोखर हवी का?

उत्तर : हवी, आणि या प्रश्नाबद्दल मी आपला विशेष आभारी आहे, कारण या तंत्राचे यश बहुतांशी पहिला एक्स-रे काढतानाच ठरून गेलेले असते. सरकलेले, फिरलेले किंवा लहानमोठे झालेले चित्र सॉफ्टवेअर चांगले जुळवते; सेन्सर थोडा तिरका बसला असेल तर तेही बऱ्याच अंशी सावरते. परंतु दाताच्या संदर्भात किरणांची दिशाच बदलली असेल तर उपाय नाही. टॉर्चसमोर हात वळवल्यावर भिंतीवर जे बोट दुसऱ्या बोटाआड गेले, ते सावलीचे चित्र कितीही ताणले तरी परत येत नाही.

चाव्याच्या ठशाबाबत एक अडचण नवख्यांच्या लक्षात येत नाही. रूट कॅनाल संपल्यावर लगेच काढलेला एक्स-रे आपण आधार धरतो, तेव्हा दाढेवर तात्पुरते सिमेंट असते. नंतर कॅप बसते आणि त्या दाढेवर घेतलेला ठसा पुन्हा नीट बसत नाही. म्हणून ठसा शेजारच्या दातांवर टेकेल असा घ्यावा. जुळवणीच्या खुणाही याच कारणाने कॅपच्या कडेवर नकोत; शेजारच्या दातांवर इनॅमल आणि मुळावरचे आवरण, म्हणजे सिमेंटम, जिथे मिळतात ती रेषा आणि मुळाच्या कालव्यात भरलेल्या गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाचे टोक या खुणा अधिक भरवशाच्या आहेत.

मुळाच्या टोकाबाहेर थोडा सीलर (गटापर्चाभोवतीच्या फटी बुजवणारे सिमेंट) गेला असेल तर विशेष जपावे. तो कालांतराने विरघळू शकतो, आणि मग वजाबाकीत नेमक्या टोकापाशी गडद ठिपका उमटतो. तो हाड झिजल्याचा पुरावा समजून पुन्हा उपचार सुरू केले, तर रुग्णावर तो अन्यायच होईल. मूळ एक्स-रे शेजारी ठेवल्याशिवाय वजाबाकीचे चित्र वाचूच नये.

उजेड-अंधाराचा फरक आकड्यांच्या वाटपावरून सॉफ्टवेअर सावरते. चित्रात ठरावीक जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायऱ्यांची पट्टी मोजमापासाठी आलेली असेल तर तुलना अधिक पक्की होते. फाइल मात्र मूळ स्वरूपातच जपावी; मोबाइलवर पाठवताना आक्रसलेले किंवा उठाव यावा म्हणून धारदार केलेले चित्र वजाबाकीसाठी निरुपयोगी ठरते.

प्रश्न : रूट कॅनालला चार वर्षे होऊनही माझ्या दाताच्या मुळाच्या टोकाशी लहानशी करडी सावली आहे. गेल्या दोन एक्स-रेंच्या वजाबाकीत काहीच फरक आला नाही. हा व्रणच, म्हणजे जखम भरून आल्यावर राहिलेली खूण, समजायचा का?

उत्तर : वजाबाकी फक्त बदल सांगते, तिथे कोणती ऊती आहे हे ती सांगू शकत नाही. स्थिर सावली हा व्रण असू शकतो, विशेषतः त्या जागी पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तर. पण तशीच स्थिर सावली मंद, दीर्घकाळच्या दाहाचीही असू शकते. चावताना किंवा मुळाच्या टोकापाशी हिरडी दाबताना दुखते का, हिरडीवर पुटकुळी येऊन जाते का आणि भरण व कॅप घट्ट आहेत का, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. यांपैकी काहीही नसेल तर लक्ष ठेवून थांबणे बहुधा योग्य. शंका उरली तर त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, अधिक स्पष्ट उत्तर देतो, परंतु त्यात किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असते. म्हणून त्या उत्तरामुळे पुढचा उपचार बदलणार असेल तरच तो करून घ्यावा.