कर्ज फेडताना नाटक, शॉर्टफिल्म हे उद्योग बंद करावेत का?

तुम्ही विचारलंय की क्रेडिट कार्डाचं ऐंशी हजारांचं देणं आहे, पगार बेताचा, तर हौसेचे उद्योग सोडू का? मी सांगलीचाच. इथे 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं, त्यामुळे हौस सोड म्हणायला जीभ रेटत नाही.

पण आधी स्टेटमेंट नीट बघा. माझंही असंच देणं होतं, व्याज महिना साडेतीन टक्के. 80,000 वर 2,800 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 504. मी ‘मिनिमम ड्यू’ (दरमहा किमान भरायची रक्कम) म्हणून 4,000 भरायचो आणि मुद्दल हलायचं जेमतेम सातशेनं! शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. कळलं तेव्हा कार्ड कात्रीनं कापलं. बायकोच्या पाटल्या ठेवून सोनेतारण कर्ज काढलं, त्यातून कार्डाचं देणं फेडलं, व्याज निम्म्याहून कमी झालं. (तिला आधी विचारलं, हे सांगायला हवं.) मात्र तारण वेळेत सोडवायची धमक नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

उद्योगांचं म्हणाल, तर माझे चालू होते चार. त्यातलं लग्नपत्रिकांचं डिझाइन तेवढं पैसे देत होतं, ते ठेवलं. मिळेल ते थेट मुद्दलात. शॉर्टफिल्मचा कॅमेरा विकला. एकांकिका लिहिणं चालू ठेवलं, त्याला वही-पेनच लागतं. तालमीनंतरचा चहा-भजी मात्र माझ्याकडून बंद. नाटकातली पोरं चार दिवस कुरकुरली, मग वर्गणी काढायला लागली.