पत्रा लाटतात की वळवतात?

देवगडच्या एका वाचकांनी विचारले आहे की, छपरासाठी घेतलेल्या रंगीत पत्र्याच्या पावतीवर ‘रोल फॉर्मिंग’ असे लिहिले होते, त्याला मराठीत ‘लाटणे’ म्हटले तर चालेल का. माझ्या मते चालणार नाही.

लाटणे म्हटले की पातळ करणे आलेच. पोलाद कारखान्यात जाड लादीचा पत्रा होतो तो पोळीसारखा, रुळांखाली दाबून आणि पसरवून. तेथे हे क्रियापद चपखल बसते. रोल फॉर्मिंग मात्र पत्रा तयार झाल्यावर सुरू होते. भेंडोळ्यातून सुटलेली पट्टी न तापवता एकामागून एक मांडलेल्या रुळांच्या जोड्यांमधून जाते, प्रत्येक जोडी तिला थोडीशीच वाकवते, आणि शेवटच्या जोडीतून हवा तो आकार बाहेर येतो. जाडी जवळपास होती तेवढीच राहते. (वाकवलेला पत्रा सुटल्यावर किंचित मागे येतो, म्हणून त्याला जरा जास्तच वाकवावे लागते.) जस्ताचा थर आणि रंग पत्र्यावर आधीच चढवलेले असतात, आणि पत्रा या टप्प्यावर खरोखरच लाटला गेला असता, तर ते थर खाऱ्या वाऱ्यात उपयोगी पडण्याइतके धड राहिले नसते.

छपराच्या पत्र्यापुरते मला ‘पन्हळी पाडणे’ सर्वांत सरस वाटते. मोदकाच्या पारीला आपण कळ्या पाडतो, त्यातलेच हे पाडणे. ‘पन्हळ’ हा शब्द संस्कृत ‘प्रणाल’वरून आला असून, पोफळीचे खोड चिरून केलेल्या पन्हळींनी कोकणात बागांना पाणी नेत असत, त्यामुळे हेन्री पामर यांनी १८२९ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेला नागमोडी पत्रा इकडे आला, तेव्हा ‘पन्हळी पत्रा’ या नावासाठी शब्द घरचाच मिळाला.

अडचण येते ती दाराच्या पत्र्याच्या चौकटी किंवा शटरच्या पट्ट्या यांच्याबाबतीत, कारण त्याही याच रीतीने घडवतात, पण त्यांना पन्हळ म्हणता येत नाही. तेथे मी ‘रूळघडण’ हा शब्द सुचवीन. तो मी जुळवलेला आहे, रूढ नाही. ‘रोलिंग शटर’मधले ‘रोलिंग’ मात्र यात धरू नये. ते शटर वर गुंडाळले जाते म्हणून आहे, त्याची पट्टी कशी घडवली याच्याशी त्या नावाचा संबंध नाही.