इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तयारी नागपुरात घरबसल्या कशी करावी?

तुमचा प्रश्न असा, की आयआरची (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर विमान उडवण्याची परवानगी) चाचणी तोंडावर आलीय, सिम्युलेटरचे तास परवडत नाहीत, मग घरी काय करता येईल? आणि अॅप दोन मिनिटांत उड्डाणाचा प्लॅन काढून देत असताना तो हाताने करायचाच कशाला?

घरच्या कम्प्युटरवर उडवलेले तास लॉगबुकात धरत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) ४० तास इन्स्ट्रुमेंट टाइम, म्हणजे फक्त उपकरणांवर उडवलेला वेळ लागतो, त्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त २०. ते महागडे तास आकडेमोडीत जाऊ नयेत, म्हणून आकडेमोड घरीच पक्की करायची.

माझा आग्रह एकच आहे: प्लॅन शेवटाकडून करा. आधी मिस्ड अप्रोच, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढणं. धावपट्टी दिसलीच नाही तर कुठे वळायचं, किती उंची गाठायची आणि तिथून ऑल्टरनेटला (पर्यायी विमानतळाला) पोचून वर राखीव इंधन उरतं का? आपल्याकडे मे महिन्यात हे फार महत्त्वाचं आहे. सोनेगाव, म्हणजे नागपूरचा विमानतळ, समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर. पारा ४५ ला टेकला की डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) पाच हजार फुटांच्या आसपास जाते आणि इंजिनाचा जोर कमी होतो. मिस्ड अप्रोचमध्ये सहसा २.५ टक्के चढ गृहीत धरलेला असतो, म्हणजे ९० नॉट (ताशी नॉटिकल मैल) ग्राउंड स्पीडला, जमिनीच्या तुलनेतल्या वेगाला, मिनिटाला साधारण २३० फूट. तुमचं विमान त्या उन्हात, दोन माणसं आणि इंधन घेऊन, तेवढं चढतं का? पीओएचच्या (विमानाच्या माहितीपुस्तिकेच्या) तक्त्यावर बोट ठेवून स्वतः बघा. असा शोधलेला आकडा ढगात आठवतो, अॅपने दिलेला बहुधा आठवत नाही.

मग मार्ग. नागपूर ते बिरसी (गोंदियाचा विमानतळ) सुमारे ७४ नॉटिकल मैल. वारा नसेल तर ९० नॉटने ४९ मिनिटं, समोरून १५ नॉट वारा असेल तर ५९. ही दहा मिनिटं इंधनात कुठे दिसतात ते कागदावर मांडा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असेल, तर ऑल्टरनेट त्याच धुक्याच्या पट्ट्यात निवडू नका. दोन्हीकडचे मेटार (आत्ताचं हवामान) आणि टॅफ (हवामानाचा अंदाज) शेजारी ठेवून वाचा.

प्लॅन झाला की तो खुर्चीत बसून उडवा. पॅनेलचा फोटो भिंतीला चिकटवा, हातात स्टॉपवॉच घ्या आणि सगळं मोठ्याने बोला: "फिक्सवर (मार्गातल्या ठरलेल्या बिंदूवर) आलो, वळण सुरू." सेकंदाला तीन अंश, म्हणजे अर्धा फेरा पूर्ण एक मिनिट. तेवढा वेळ खरोखर थांबा, घाई करू नका. त्या मिनिटात पुढचं हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा), वाऱ्याची दुरुस्ती, रेडिओवर काय बोलायचं ते ठरवा. आयएलएसवर (धावपट्टीपर्यंतची उतरण दाखवणारी रेडिओ यंत्रणा) ग्राउंड स्पीडला पाचने गुणा: ९० नॉटला मिनिटाला ४५० फूट उतार. हा गुणाकार ओठांवर हवा.

घरी न होणारी गोष्ट म्हणजे कानाची फसवणूक. आतल्या कानातला द्रव संथ वळणात स्थिरावतो आणि विमान सरळ चाललंय असं वाटतं. ते इन्स्ट्रक्टर शेजारी असताना हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) लावूनच अनुभवा आणि त्यासाठी मात्र पैसे राखून ठेवा.