फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या दांड्यावर फुलांऐवजी पानं फुटली आहेत. दांडा छाटू का?

नका छाटू. ते पिल्लू आहे. ऑर्किडवाले त्याला केकी म्हणतात. हवाईच्या भाषेत केकी म्हणजे लहान मूल. दांड्याच्या प्रत्येक पेरावर सालपटाखाली एक डोळा झोपलेला असतो. त्यातून फुलांची फांदी निघू शकते, तसंच पानामुळांसकट आख्खं रोपही. हवा उबदार असली की रोपाकडे कल जास्त. झालं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर संपलं.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, 'शेजारचे काका म्हणतात, झाड मरायला टेकलं की असं करतं, दांडा छाटून टाक.' हे वाक्य मी गेली सहा वर्षं ऐकतेय, सख्ख्या भावाकडून. तेव्हा आता थोडं सोसा.

दादा गुलाबवाला. हातात कायम सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आणि 'छाटल्याशिवाय फूल नाही' हे पालुपद. गुलाबापुरतं ते खरंच आहे, गुलाब नव्या फुटीवर फुलतो. माझ्याकडे मात्र होतं नोबिल जातीचं डेंड्रोबियम, हेही ऑर्किडच. ज्यांनी पाहिलं असेल त्यांना माहीत आहे, उसाच्या बारक्या कांड्यांसारख्या काड्या, थंडीत पानं गळून नुसत्या उभ्या. बघणाऱ्याला वाटतं, गेलं. आणि थंडी सरता सरता त्याच उघड्या काड्यांच्या पेरापेरावर फुलांचे झुबके येतात. त्यासाठी आधी त्याला उपाशी ठेवावं लागतं. खत बंद, पाणी काडी फारच आक्रसली तर घोटभर, आणि महिना-दीड महिना रात्रीचा गारवा १० ते १५ अंशांच्या आसपास. मन घट्ट करायला लागतं, पण तेच तर करायचं असतं.

त्या वर्षी नऊ काड्या तयार होत्या. मला तीन आठवडे बाहेर जावं लागलं आणि झाडं दादाच्या गळ्यात पडली. कुंडीला चिठ्ठी चिकटवून गेले होते: 'पाणी घालू नये.' परत आले तर नवातल्या सहा काड्या बुडापासून साफ. 'वाळल्या होत्या, काढून टाकल्या.' उरलेल्या तिघींवर थोडी पानं होती म्हणून वाचल्या. त्यांना दादाने दया येऊन रोज पाणी घातलं होतं. वर गुलाबाचं नत्रवालं खत. चिठ्ठीचं काय, विचारलं तर म्हणाला, 'मला वाटलं ती जुनी असेल.'

त्या तिघींचे डोळे मात्र टरारून फुगले होते. मी वेडी, आठ दिवस रोज सकाळी चष्मा लावून बघतेय, कळ्या, कळ्या. नवव्या दिवशी एका फुगवट्याखालून हिरव्या टोकाचं मूळ बाहेर आलं. कळीला मूळ येत नाही. एकूण सात पिल्लं. फूल एकही नाही.

यावर दादाची दोन मतं आहेत आणि ती तो एका दमात मांडतो. एक, झाड मरत होतं म्हणून त्याने पोरं टाकली. दोन, एका कुंडीच्या सात कुंड्या करून दिल्या तरी हिचं रडगाणं संपत नाही. अरे, मरत होतं की तू वाढवलंस, काहीतरी एक ठरव! खरी गोष्ट एवढीच, की नोबिलचा तोच डोळा कोरडा गारवा मिळाला तर कळी होतो, आणि ऐन विश्रांतीत पाणी आणि नत्र मिळालं तर पिल्लू. माझं झाड मरत नव्हतं, त्याला जेवण जास्त झालं होतं. आणि ज्या सहा काड्या 'वाळल्या' होत्या त्या त्याचं कोठार होत्या. सुरकुतलेली जुनी काडीसुद्धा नव्या कोंबाला पाणी आणि अन्न पुरवते. पिवळी पडून आतून पोकळ झाली तरच काढावी.

दुसरा प्रसंग फॅलेनॉप्सिसचा. एका वर्षी फुलांचा दांडा पानांच्या बगलेतून न येता थेट शेंड्याच्या पोटातून आला. फॅलेनॉप्सिस एकाच शेंड्याने वाढतो. शेंड्याचाच दांडा झाला की त्या खोडाला पुढे नवं पान नाही. दादा म्हणाला, 'संपलं, फेक.' मी फेकलं नाही, कारण चार पानं कडक होती आणि मुळं पाणी घातलं की हिरवीगार होत होती. अकरा महिने काही नाही. मग अगदी खालच्या पानाच्या बुडातून नवा कोंब आला, आता तोच मुख्य झाड आहे. दादाने पाहिलं आणि म्हणाला, 'शेंडा छाटला असशील, म्हणून बाजूने फुटलं.' मी चहा करायला आत निघून गेले.

ऑर्किडची घड्याळं वेगळी असतात हे त्याला पटतच नाही. पिजन ऑर्किड म्हणून एक डेंड्रोबियम आहे. जोराच्या पावसाने हवा एकदम गार झाली की बरोबर नवव्या दिवसाच्या सुमारास ते फुलतं, परिसरातली सगळी झाडं एकाच दिवशी, आणि फुलं एक दिवस टिकतात. त्याला कोण छाटतं?

असो, तुमचं पिल्लू. त्याची दोन-तीन मुळं बोटाएवढी, म्हणजे ५ ते ७ सेंटिमीटर होईपर्यंत हात लावू नका. मग पातं ज्योतीवर तापवून, गार करून, दांड्याचा थोडा तुकडा दोन्ही बाजूंना ठेवून कापा आणि झाडाच्या सालीच्या बारीक तुकड्यांत, लहान कुंडीत लावा. घाई नसेल तर आईच्या अंगावरच राहू दे, तिथेही फुलतं. फुलं आईसारखीच येतील, ते बीचं रोप नाही. पण दोन-तीन वर्षं धरून चाला.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. आईची मुळं तपासा. टणक, रुपेरी किंवा हिरवी असतील तर शेजारच्या काकांना नमस्कार करा आणि पुढे चला. तपकिरी होऊन चिमटीत पिचत असतील, किंवा शेंडा कुजला असेल, तर काकांचं निम्मं बरोबर आहे: झाड खरंच संकटात असतानाही कधीकधी पिल्लू टाकतं. माझं एक गेलं तसं, पाणी जास्त झालं होतं, चूक माझीच. हे दादाला सांगितलेलं नाही. तसं असलं तरी दांडा कापू नका, पिल्लाला दुसरा आधार नाही.

आणि वरची उपासमार फक्त नोबिलसाठी. तुमच्या फॅलेनॉप्सिसला साठवायला काड्या नाहीत, त्याला कोरडं ठेवाल तर मुळं जातील. डेन-फॅल म्हणून बारमाही हिरवं राहणारं दुसरं डेंड्रोबियम असतं, त्यालाही ते नको. त्याच्या जुन्या काड्या मात्र ठेवा, त्या पुन्हा फुलतात.

त्या सात पिल्लांतली दोन दादाकडे आहेत. यंदा त्यांच्या काड्या थंडीभर उघड्या उभ्या होत्या आणि त्याने कापल्या नाहीत. का रे, विचारलं, तर म्हणाला, सिकेटर धार लावायला दिली होती.