अठरा फेब्रुवारी कुठे गेली?

मनू,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. दोनदा हसायला आलं म्हणून, आणि तिसऱ्यांदा चीफ ऑफिसरला ऐकवायचा होता म्हणून. तू विचारतेस, "बाबा, मंगळवारी सकाळी हॅपी बर्थडे म्हणायला फोन केला तर तू म्हणालास, इथे अजून सतराच आहे, उद्या कर. बुधवारी केला तर म्हणालास, आज एकोणीस. आजीला विचारलं तर ती म्हणते, त्याचा वाढदिवस चार तारखेलाच झाला, रथसप्तमीला. आणि वर म्हणते, बाबाला एकावन्नावं लागलं. मग तू पन्नासचा झालास तरी कधी?"

तिघंही बरोबर आहोत. आता सावकाश सांगतो, कारण हे फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच "हो का" म्हणून फोन आईकडे देशील.

आधी अठरा तारखेचं. आम्ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोलंबिया नदीतल्या एका बंदरात गहू भरत होतो. गहू पावसात भरता येत नाही. ढग आला की हॅच, म्हणजे मालाच्या कोठीचं झाकण, बंद, ढग गेला की उघड. असं करत करत ९ फेब्रुवारीला निघालो जपानला. पश्चिमेकडे जाताना अधूनमधून रात्री घड्याळ एक तास मागे घ्यावं लागतं. मेसच्या दारावर तशी चिठ्ठी लागते आणि सगळे खूश होतात, कारण ती रात्र एका तासाने मोठी असते. पण हे फुकट मिळालेले तास एकदा परत करावे लागतात. १८० रेखांशाच्या आसपास तारीख बदलते. तिथून पश्चिमेला जाणाऱ्या जहाजाचा एक अख्खा दिवस गळतो, आणि पूर्वेला जाणाऱ्याला एकच दिवस दोनदा मिळतो. आम्ही तिथे पोचलो १७ तारखेच्या रात्री. म्हणजे सतराच्या मध्यरात्रीनंतर एकदम एकोणीस. त्या चिठ्ठीवर सही कोणाची? माझीच. कॅप्टन मी ना.

चीफ ऑफिसर म्हणाला, "सर, एक दिवस उशिरा बदलू. समुद्रात कोण विचारतंय?" त्याचं खरं होतं. जहाजाची तारीख कधी बदलायची हे कॅप्टनच्या हातात असतं. पण स्वतःच्या वाढदिवसासाठी कॅप्टनने जहाजाची तारीख अडवून धरली, हे मलाच बरं दिसेना. शिवाय खलाशी अशा गोष्टी वीस वर्षं विसरत नाहीत. पुढच्या प्रत्येक जहाजावर ही गोष्ट माझ्या आधी पोचली असती.

तर रात्री बाराला मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, होतो. थर्ड मेट या अधिकाऱ्याचा वॉच, म्हणजे पाळी, संपत होता, पुढच्या पाळीचा सेकंड मेट डोळे चोळत वर आला होता. तेवढ्यात कुक केक घेऊन आला. वाढदिवस कुकला सांगावे लागत नाहीत. प्रत्येक बंदरात क्रू लिस्ट द्यावी लागते आणि तिच्यात सगळ्यांच्या जन्मतारखा असतात, तीच त्याने गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, चिकटवून ठेवलेली आहे. पण रात्री ब्रिजवर काळोख ठेवतात, नाहीतर बाहेरचं काही दिसत नाही. मेणबत्तीचा प्रश्नच नव्हता. सेकंड मेटने लाल टॉर्च धरला आणि त्या उजेडात मी केक कापला. केक कुठल्या रंगाचा होता ते मला अजून माहीत नाही. कापताना समोर जीपीएसवर तारीख दिसत होती १८ फेब्रुवारी, दुपारचे बारा, कारण जीपीएस आमचं ऐकत नाही, ते यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर चालतं. त्यामुळे आमच्या डेक लॉगमध्ये १८ फेब्रुवारी नाही, पण रेडिओचा लॉग यूटीसीत लिहितात, त्यात आहे. आणि त्याच मिनिटाला आजीच्या घरी अठरा तारखेचे संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तुमच्याकडे न्यूझीलंडमध्ये एकोणीसची रात्र, एक वाजलेला, आणि तू झोपलेली.

उलटा प्रकारही पाहिलाय. पूर्वेला जाताना एका कॅडेटचा एकविसावा वाढदिवस लागोपाठ दोन दिवस आला. त्याने दुसऱ्या दिवशीही केक मागितला. कुकने त्याला कालचा उरलेला दिला.

आता आजीची चार तारीख.

आपल्याकडे वाढदिवस तारखेने करतात तसा तिथीनेही करतात. शिवजयंतीसुद्धा महाराष्ट्रात दोनदा होते, एकदा १९ फेब्रुवारीला आणि एकदा फाल्गुन वद्य तृतीयेला, आणि त्यावरून मोठी माणसं दरवर्षी भांडतात. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला त्याचं माप. बारा अंश पुढे गेला की एक तिथी, अशा तीस तिथ्या झाल्या की महिना संपला. माझी तिथी माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे रथसप्तमी. त्या दिवशी सूर्याचाही वाढदिवस मानतात, आणि ही गोष्ट आजी दर वर्षी अशी सांगते की जणू दोघांची बाळंतपणं तिनेच केली.

सेकंड मेट असताना मला एक गंमत सापडली होती. आम्ही ताऱ्यांवरून जागा काढायला नॉटिकल अल्मनॅक वापरतो. त्याच्या रोजच्या पानावर, खाली कोपऱ्यात, चंद्राचं वय लिहिलेलं असतं. खरंच, वयच म्हणतात. अमावस्येपासून किती दिवस झाले तो आकडा. सहा-सात असला आणि माघ असला की मी समजायचो, आज घरी औक्षणाचं तबक निघालं. कालनिर्णय जहाजावर नसायचं, पण हे असायचं.

या वर्षी तर आजीने ओवाळलंच. आता जहाजावर इंटरनेट बरं आहे. तिच्याकडे चार तारखेची सकाळ, साडेसात. माझ्याकडे तीनची संध्याकाळ, सहा वाजलेले. तिने फोन पाटावर उभा केला, मागे तांब्या लावला, आणि निरांजन ओवाळायला लागली. निरांजन जवळ आलं की फोनचा कॅमेरा बिचकायचा आणि बाकी सगळं काळं व्हायचं. आजी गायब, नुसती ज्योत. दूर गेली की आजी परत. असं तीन वेळा. मग सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली, आणि शेवटी कुंकवाचं बोट स्क्रीनवरच्या माझ्या कपाळाला टेकवलं. फोन कट. पुन्हा लावला तर सगळं लालसर दिसत होतं आणि आजी विचारत होती, "अरे, लागलं का?"

म्हणजे अठरा तारीख गळाली तेव्हा मी तिच्या हिशोबाने पन्नास पूर्ण करून दोन आठवडे झाले होते.

आणि एकावन्नचं असं आहे, की आजी सरलेली वर्षं मोजत नाही, चालू वर्ष मोजते. तुला अकरा पूर्ण झाली, म्हणजे बारावं लागलं. मला पन्नास पूर्ण झाली, म्हणजे एकावन्नावं लागलं. म्हणूनच आपल्याकडे साठ पूर्ण झाली की जो समारंभ करतात त्याला एकसष्टी म्हणतात. तू एखाद्याला वय विचारलंस आणि त्याने "लागलं" म्हटलं, तर एक वजा कर.

क्रू लिस्टमधल्या तारखा मात्र सगळ्याच खऱ्या मानू नकोस. मी थर्ड मेट असताना आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मराठी होता, जुन्या माणसांनी ज्याला सारंग म्हटलं असतं तसा. त्याची जन्मतारीख १ जून. पंपमनची १ जून. एका ऑइलरचीही १ जून. कुकला वाटलं, टायपिंगची चूक आहे. चूक कसली! पूर्वी गावाकडे आईबाप पोराला शाळेत घालायला नेत, मास्तर विचारत जन्म कधीचा, आईबाप म्हणत पावसाच्या आधीचा किंवा दिवाळीनंतरचा, आणि मास्तर प्रवेशाला बसेल अशी तारीख लिहून टाकत, १ जून. तीच पुढे पासपोर्टवर, तीच सीडीसीवर. सीडीसी म्हणजे आमचं खलाशांचं पुस्तक, कुठल्या जहाजावर कधी चढलो, कधी उतरलो ते सगळं त्यात. बोसनला पन्नास झाली तेव्हा आम्ही सिंगापूरला नांगर टाकून होतो. तिघांनी मिळून एक केक कापला. बोसनने कापला, टाळ्या घेतल्या, कोणाला काही बोलला नाही. पुढे ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तो डेकवर नवा शर्ट घालून उभा दिसला. विचारलं तर म्हणाला, "साहेब, काल नारळी पौर्णिमा झाली ना. आईने मला नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा सांगितलाय." इतकंच. शर्टाची घडी मोडलेली नव्हती, इस्त्रीच्या रेषा तशाच होत्या.

मोठे वाढदिवस सगळ्यांचेच असे गमतीत जात नाहीत. २०२० साली आमचे चीफ इंजिनीयर जहाजावर साठ वर्षांचे झाले. नियमाप्रमाणे खलाशाला सलग अकरा महिन्यांपेक्षा जास्त जहाजावर ठेवायचं नाही. त्यांचे अकरा महिने केव्हाच उलटले होते, पण कोविडमुळे बहुतेक बंदरं माणसं उतरवू देत नव्हती. त्या वर्षाच्या शेवटी असे अडकलेले खलाशी जगभरात चार लाखांच्या घरात होते. चीफ घरी जाऊन साठीला निवृत्त होणार होते, हॉल सांगून झालेला होता. आम्ही नांगरावर, शहराचे दिवे समोर, गाड्यांचे हेडलाइटसुद्धा मोजता येतील इतके जवळ. केक झाला, गाणी झाली. नंतर ते इंजिनरूममध्ये उतरले आणि जनरेटरचा एक पंप, जो पुढच्या महिन्यात उघडायचा होता, तो त्या रात्री उघडून बसले. मी खाली गेलो तर म्हणाले, "कॅप्टन, वर गेलं की दिवे दिसतात." अडीच महिन्यांनी उतरले. त्या वर्षाचा मला अजून राग येतो, त्यामुळे एवढंच.

परवा बसून माझ्या सीडीसी उघडल्या आणि मोजलं. एकोणिसाव्यापासून पन्नासाव्यापर्यंत बत्तीस वाढदिवस. त्यातले एकोणीस जहाजावर. तिसावा सुएझ कालव्यात, पायलट ब्रिजवर आणि मी सुकाण्याच्या मागे उभा. चाळिसावा ड्राय डॉकमध्ये, जहाज पाण्याबाहेर आणि संडास बंद. विशेष सांगण्यासारखं काही नाही.

पण पहिला सांगायचाय, एकोणिसावा. तिथी दर वर्षी तारखेपेक्षा साधारण अकरा दिवस मागे सरकते, कारण चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. मग दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि तिला पुढे ढकलतो. हे मागेपुढे चालू असतं, आणि एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात. कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. १९७५ ला मी जन्मलो तेव्हा रथसप्तमी १८ फेब्रुवारीला होती. १९९४ ला पुन्हा १८ लाच आली.

तेव्हा मी कॅडेट, पहिलंच जहाज, तिसरा महिना. लाल समुद्रात होतो. दिवसभर होल्ड, म्हणजे मालाची कोठी, झाडत होतो, नाकातून काळं येत होतं. मोबाइल नाही, इंटरनेट नाही. घरून पत्र यायचं ते एजंटकडून, महिन्याने. त्या काळी जहाजावर रेडिओ ऑफिसर असायचा, किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनकडून तारा घ्यायचा. तो होल्डच्या तोंडाशी आला, वरून हाक मारली, आणि कागद हातात धरून विचारलं, "ही कुठली सांकेतिक भाषा आहे? कॅप्टनला दाखवू का?"

तार दोन शब्दांची होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, "आज दोन्ही". खाली "आई".

मला कळलं नाही. मी म्हटलं, काहीतरी गाळलंय. रात्री वॉचवर सेकंड मेटला दाखवली, तो मराठी नव्हता, त्याला काय कळणार. तो अल्मनॅक उघडून काम करत होता, आणि मी नुसता त्याच्या खांद्यावरून पाहत होतो. कोपऱ्यात चंद्राचं वय. मग डोक्यात बत्ती पेटली. तारीख आणि तिथी. आज दोन्ही.

ती तार घरी आहे, माझ्या कपाटात, पहिल्या सीडीसीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. बघ, पण उघडताना जपून, घडीवर फाटत आलीय.

आणि तुझी तिथी आजीला विचारून ठेव. मला आठवत नाही असं नाही, पण ती सांगताना काय काय सांगते ते तू ऐकावंस. आजीला पुढच्या वर्षी ऐंशी पूर्ण होतील. हजार पौर्णिमा व्हायला साधारण ऐंशी वर्षं दहा महिने लागतात, तेव्हा सहस्रचंद्रदर्शन करायचं. मी ऑफिसला आत्ताच कळवलंय की त्या महिन्यात मला जहाज देऊ नका. ते हो म्हणालेत, म्हणजे अजून काही खरं नाही.

तिला एक विचारशील? मी कधी विचारलं नाही. तारेचे पैसे शब्दावर पडायचे, ते ठीक. पण "वाढदिवस" हा शब्द तिने मुद्दाम वाचवला, की पोस्टातल्या माणसाने कापला?

तुझा,
बाबा