मालवणजवळच्या देवबागला घर भाड्याने घेऊन राहणार असाल तर

पहिल्यांदाच जाताय, तर आधी तारखा पक्क्या करा, घर नंतर. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, देवीला कौल लावून तारीख निघते. त्या दिवसांत मालवण परिसरात खोली मिळणं मुश्कील. गणपतीतही घरमालकांच्या स्वतःच्याच घरी माणसं असतात, तेव्हा त्यांना अडचणीत टाकू नका.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. म्हणून घर विचारताना 'समुद्राजवळ आहे का' हा प्रश्न फुकट जातो, तिथे सगळंच जवळ आहे. विचारायचं ते असं: गाडी दारापर्यंत येते का? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? जेवण घरातलंच की बाहेरून? मी एकदा हे न विचारता गेलो आणि आईला रात्री सामानासकट वाळूतून चालावं लागलं. आजही वाईट वाटतं.

जेवण घरातलंच घ्या, आणि आदल्या दिवशी सांगा. मासे सकाळी जे मिळतील तेच, सुरमईचा हट्ट नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर ओल्या काजूची उसळ मागाच.

रेल्वेने कुडाळला उतरा. पुढची रिक्षा घरमालकांनाच सांगून ठेवायला लावा, विशेषतः गाडी रात्री पोचत असेल तर.