लिंक कुठं द्यावी, कुठं नाही

प्रश्न : ताई, मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक. हाइव्ह या ब्लॉकचेनवर चालणाऱ्या लेखनाच्या संकेतस्थळावर मराठीत शेतीविषयी लिहितो. तिथं लेखाला मिळालेल्या मतांवर क्रिप्टो नाणी मिळतात. जास्त लोकांनी वाचावं म्हणून मी इतरांच्या लेखांखाली ‘छान लिहिलंय, माझाही लेख वाचा’ असं लिहून लिंक देत गेलो. आता लोक डाउनव्होट, म्हणजे विरोधी मत, देताहेत, लेखावरचे पैसे शून्यावर आले, रेप्युटेशनचा, म्हणजे खात्याच्या पतीचा, आकडाही उतरला. मी कुणाचं काही चोरलं नाही. मग ही शिक्षा कशाची?

उत्तर : भाऊ, दिवसभर बागेत राबून रात्री लिहायला बसता, त्याचं मोल मला कळतं. तरी डाउनव्होट देणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं.

हाइव्हवर लेखांचे पैसे जाहिरातदार देत नाही. तिथं सतत नवी नाणी तयार होतात, त्यांतला ठरावीक वाटा एका सामाईक निधीत पडतो आणि तो मतांच्या वजनाप्रमाणे सगळ्यांत वाटला जातो. एकाला जास्त गेलं की दुसऱ्याला तेवढं कमी. हिशेब सात दिवसांनी होतो. तोवर लेखाखाली दिसतो तो नुसता अंदाज. म्हणजे तुमच्या हातचं कुणी काढून घेतलेलं नाही. डाउनव्होटनं कमी झालेली रक्कम डाउनव्होट देणाऱ्याला मिळत नाही, निधीतच राहते.

आता लिंकचं. दुसऱ्याच्या लग्नमांडवात शिरून आपल्या घरच्या कार्याच्या पत्रिका वाटाल का? ‘छान लिहिलंय’ हे लेख न वाचताही लिहिता येतं, आणि ते लेखकाला लगेच कळतं. त्याला ते लागतं. मलाही लागेल.

पण लिंक देणंच वाईट, असं मुळीच नाही. समजा रावेरच्या कुणी विचारलं, ‘केळीच्या पानांवर पिवळे पट्टे दिसताहेत, सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग) असेल का?’ तिथं आधी उत्तर द्या : रोगट झाड मुळासकट काढून पुरा, मावा किडीचा बंदोबस्त करा, बागेत नि बांधाला काकडी-भोपळ्यासारखी वेलवर्गीय पिकं घेऊ नका. एवढं लिहून मग ‘रोगट पानांचे फोटो माझ्या या लेखात आहेत’ म्हणून लिंक द्या. तिला कुणी स्पॅम म्हणणार नाही. समोरच्यानं लिंक उघडली नाही तरी त्याचं काम झालेलं असतं, आणि माझी कसोटी तीच आहे. औषध-खताच्या दुकानाची कमिशन मिळणारी लिंक असेल तर तसं स्पष्ट लिहा. फोटो दुसऱ्याचा असेल तर परवानगी घ्या, नावही द्या.

ज्यांच्या लेखांखाली लिंका टाकल्या त्यांचे लेख आता खरंच वाचा. प्रश्न विचारा, तुमचा अनुभव सांगा. चांगल्या लिखाणाला मतं मिळाली की रेप्युटेशन पुन्हा चढतं. (लेवा बोलीतही लिहा. मला वाचायला फार आवडेल.)

एक काळजी मात्र आजच घ्या. ‘मोफत नाणी मिळवा’ म्हणत तुमच्या लेखाखाली कुणी लिंक टाकली, तर तिथं आपली ‘की’, म्हणजे खात्याची पासवर्डसारखी गुप्त किल्ली, टाकू नका. लिहायला आणि मत द्यायला ‘पोस्टिंग की’ पुरते. नाणी हलतात ती ‘ॲक्टिव्ह की’नं. ती परक्याच्या हाती गेली आणि नाणी निघून गेली, तर व्यवहार उलटा फिरवणारी बँक तिथं नाही. तसं घडलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आणि ती ‘की’ लगेच बदला.